मिरज, मिराज

भरतीच्या वेळी कारकुनानं विचारलं, गाव?
मी म्हणालो, मिरज.
सात वर्षांनी फ्रान्सहून विमानं आली
तर कागदावर तेच नाव, एका कान्याचा फरक.
गल्लीत मेहबूबचाचांनी पेढे वाटले,
म्हणे सरकारनं आपल्या गावाचं नाव ठेवलं.
मी खोडून काढलं नाही.
मृगजळ असा अर्थ त्याचा. तो नंतर कळला.

पोस्टिंग ग्वाल्हेर.
अब्बा खूश : घराण्याच्या गावी चाललास, दस्तगीर.
घराणं आमचंही जुनं. शिकलगार.
पणजोबांचे वडील तलवारींना धार लावायचे.
गिऱ्हाईक संपलं तेव्हा
त्याच हातांनी भोपळे कापले, तारा ताणल्या
आणि पाटीवर लिहिलं, सतारमेकर.
इतक्या पिढ्यांनी मी परत
लोखंडाकडे.

काम टांगण्याचं.
चार मीटर लांब, साडेपाचशे किलो,
ट्रॉलीवरून पंखाखाली न्यायचं,
हूक बसेपर्यंत चौघांनी श्वास धरायचा.
फ्रान्सचा म्हातारा मेकॅनिक, तर्जनीला अर्धंच नख,
सारखा म्हणायचा, दूसमाँ, दूसमाँ.
अर्थ विचारावा लागला नाही.
घोडीवर कानस फिरवताना
अब्बा हेच म्हणायचे, याच चालीत :
हळूऽ, हळू.

आर्मात त्या क्षेपणास्त्राचं नाव.
अब्बांनी ऐकलं अरमान
आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले.

एकदा सुट्टीवर आलो, उरसाच्या आधी.
दुकानात पाच तंबोरे घाईचे.
अब्बा जवारी काढत होते,
तार आणि घोडीच्या मध्ये सूत सरकवत,
केसाएवढं इकडं, केसाएवढं तिकडं,
आवाज उघडेपर्यंत.
मान वर न करता म्हणाले,
तुझं ते अरमान करतं काय?

सांगायचं नसतं. पण बापाला किती दिवस
नुसतं ड्यूटी, ड्यूटी म्हणणार?
म्हणालो, ऐकतं.
काय ऐकतं?
रडार. शत्रूचं रडार सारखं बोलत असतं ना,
त्याचा सूर याच्या डोक्यात आधीच लावून देतात.
विमानावरून सुटलं
की तो सूर येतो तिथं जातं.
जातं, आणि?
मी घोडीवरचा भुसा फुंकला.

तार बराच वेळ वाजत राहिली.
मग अब्बा म्हणाले,
आणि घाबरून तो गप्प बसला तर?

तरी जातं. जागा लक्षात ठेवतं.

त्यांनी पंजा ठेवला चारही तारांवर.
स्टेशनच्या रस्त्यानं एक टांगा गेला.
पंजा तसाच.

नोकरीभरात मी टांगलेल्यातलं एकच सुटलं,
सरावात, समुद्रावर.
गंजका तराफा, त्यावर एक यंत्र बोलत ठेवलेलं.
माणूस नाही, कुत्रंसुद्धा नाही.
संध्याकाळी साहेबांनी टेप ऐकवली :
टक् टक् टक् टक्, एकसुरी, कोणाशी कोण जाणे,
मग नुसता टेप फिरल्याचा आवाज.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.
पिन मीच ओढली होती,
लाल फीत हातात धरून पायलटला दाखवली होती.

ती फीत गल्ल्यात आहे. उधारीची वही बांधायला बरी.

आता दुकान मी बघतो.
काल इचलकरंजीची एक मुलगी आली, तंबोरा पाठीवर,
म्हणाली, काका, खर्ज बोलत नाही.
मी डोळे मिटून तार छेडली
आणि माझी मान, माझं न ऐकता,
आवाजाकडे वळली,
थोडी खाली, किंचित डावीकडे,
पुन्हा खाली.
सूत सरकवलं.
लागलं की, ती म्हणाली. बास, काका.
थांब जरा, म्हणालो.
जागा अजून मिळाली नाही.